मराठी संवाद, मराठी अक्षरं

कुकरची शिट्टी लिहायची की सोडायची, हा माझ्या कामातला नेहमीचा प्रश्न. मालिकेत सासू-सुना स्वयंपाकघरात बोलताहेत. मागे शिट्टी होते आणि सून वाक्य अर्धवट टाकून ओट्याकडे वळते. ऐकू येणाऱ्याला ती का वळली ते कळतं. ज्याला ऐकू येत नाही त्याला वाटतं, ती रागावली. म्हणून तिथे कंसात ‘कुकरची शिट्टी’ लिहावंच लागतं. त्याच भागात पुढे आणखी शिट्ट्या होतात, पण त्यांच्यामुळे कुणी हलत नाही, काही घडत नाही. त्या मी सोडून देते. कुठला आवाज गोष्टीचा आणि कुठला नुसता घरातला, हे ठरवण्यातच बराच वेळ जातो.

मी नाशिकमध्ये गंगापूर रोडवर राहते आणि घरी बसून ओटीटीवरच्या मराठी कार्यक्रमांना मराठीतून सबटायटल्स करते. मुंबईहून कार्यक्रमाची हलक्या दर्जाची प्रत येते, चित्रावर आडवा वॉटरमार्क असतो. एका बाजूला चित्र, खाली आवाजाची पट्टी आणि शेजारी माझी वाक्यं. आजकाल पहिला मसुदा मशीनच काढून देतं. शांत, एकट्या माणसाचं बोलणं ते बऱ्यापैकी पकडतं. दोघं एकदम बोलू लागले, मागे ढोल वाजला किंवा कुणी रडत बोललं, की त्याचा गोंधळ होतो. नाटक तर नेमकं तिथेच असतं.

वेळ साधणं हा यातला सगळ्यात नाजूक भाग आहे. डॉक्टर ऑपरेशन थिएटरबाहेर येतात. ‘आम्ही सगळे प्रयत्न केले,’ म्हणतात, थांबतात, चष्मा काढतात आणि मग सांगतात, ‘पेशंट धोक्याबाहेर आहे.’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी पडद्यावर आली, तर वाचणाऱ्याला निकाल आधीच कळतो. बाहेर उभ्या बायकोच्या चेहऱ्यावरची धाकधूक त्याच्या हाती लागतच नाही. नटाने घेतलेला तो थांबा माझ्या अक्षरांनीही घ्यायला हवा. दृश्य बदलतं त्या क्षणी जुनी ओळ जायला हवी, नाहीतर डोळा पुन्हा तीच ओळ वाचायला लागतो.

ओळ तोडायचीही एक रीत आहे. ‘तुझ्या बाबांनी ती जमीन’ ही एक ओळ आणि ‘विकून टाकली’ ही दुसरी. ‘विकून’ वर आणि ‘टाकली’ खाली गेलं, की वाचणारा अडखळतो. त्यात आपली लिपी या सॉफ्टवेअरच्या मापात सहज बसत नाही. बऱ्याच ठिकाणी ओळीला 42 अक्षरांची मर्यादा असते, पण मोजणारं यंत्र काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळं सुटं मोजतं. ‘स्त्रियांच्या’ हा शब्द तुम्ही-आम्ही तीन अक्षरांत वाचतो, यंत्र त्याची 13 चिन्हं धरतं. दोन ओळी जवळ आल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर चढतो. मोबाइलवर बघणाऱ्याला मग नुसती गिचमिड दिसते. इंग्रजीसाठी ठरवलेलं अंतर देवनागरीला पुरत नाही, हे मी कामाच्या टिपणात दर वेळी लिहून पाठवते.

बोलीचा प्रश्न तर आमच्या जिल्ह्यात दाराशीच आहे. सटाणा, कळवण, मालेगावकडे अहिराणी बोलतात, निफाड-सिन्नरकडची बोली वेगळी. पात्र ‘व्हतं’ म्हणालं तर मी ‘व्हतं’च लिहिते. ते ‘होते’ असं पुस्तकी केलं, तर तो शेतकरी वाचणाऱ्यापुरता तहसील कचेरीतला कारकून होऊन जातो. ज्याला आवाज मिळत नाही, त्याला निदान माणसाची तऱ्हा तरी अक्षरांतून मिळायला हवी.

हे काम पुढे कुठवर जाऊ शकतं, ते बघायला मी ब्रिटनकडे बघते. बीबीसीचा आयप्लेअर, म्हणजे तिची ओटीटी सेवा, 25 डिसेंबर 2007 रोजी सगळ्यांसाठी खुला झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून, टीव्हीवरच अक्षरांत माहिती दाखवणाऱ्या टेलिटेक्स्टच्या 888 क्रमांकाच्या पानावर, बीबीसी टीव्हीच्या संवादांची अक्षरं देत होती. बोलणारे ओळखू यावेत म्हणून पांढरा, पिवळा, आकाशी आणि हिरवा असे रंगही ठरलेले आहेत. थेट प्रक्षेपणात एक माणूस कानाला हेडफोन लावून ऐकलेलं प्रत्येक वाक्य स्वच्छ आवाजात पुन्हा संगणकाला सांगतो, स्वल्पविराम आणि पूर्णविरामसुद्धा तोंडाने उच्चारतो, आणि काही सेकंदांत अक्षरं घरोघर पोचतात. तिथल्या ऑफकॉम या नियामक संस्थेने 2006 मध्ये मांडलेला आकडा मी ज्याला-त्याला सांगते: सबटायटल्स वापरणारे 75 लाख, आणि त्यांतल्या 60 लाखांना ऐकण्याची काहीही अडचण नव्हती. तिथे 2024 मध्ये झालेल्या माध्यम कायद्यानुसार मोठ्या ओटीटी सेवांना चार वर्षांत 80 टक्के कार्यक्रमांना सबटायटल्स द्यावीच लागणार आहेत.

आणि आपल्याकडे? मराठी मालिका उघडावी, सबटायटल्सच्या यादीत जावं, तर बहुतेक वेळा फक्त इंग्रजी. म्हणजे मराठी न समजणाऱ्याची सोय आहे, मराठी ऐकू न येणाऱ्या मराठी माणसाची नाही. आमच्या घरी आईंना, म्हणजे सासूबाईंना, डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. ‘अगं, हा काय म्हणाला?’ असं त्या दर दोन मिनिटांनी विचारायच्या. पुढे विचारणंच सोडलं आणि नुसत्या बघत बसू लागल्या. मी केलेली मराठी अक्षरं असलेला भाग लावून दिला, तेव्हा त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या. मध्येच मला म्हणाल्या, ‘ही सून खोटं बोलते आहे, मला आधी वाटलंच नव्हतं.’ इंग्रजी सबटायटल्सचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता. 2011 च्या जनगणनेत देशात ऐकण्याचं अपंगत्व असलेल्यांची नोंद सुमारे 50 लाख आहे. वयाने कान गेलेल्या, पण कुठेही नोंद नसलेल्या आई-आजोबांची भर त्यात घाला.

हे सगळं नाशिकमध्ये बसून लिहिताना दादासाहेब फाळक्यांची आठवण येतेच. ते त्र्यंबकेश्वरचे. 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झाल्यावर त्यांनी आपलं बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला आणला, आणि 1914 मध्ये आपले चित्रपट घेऊन ते लंडनला गेले. त्या मूकपटांत इंग्रजीबरोबर देवनागरीतही पाट्या होत्या. कोण बघायला येणार आणि त्याला काय वाचता येणार, याचा विचार पहिल्याच चित्रपटात झाला होता. बोलपट आले आणि मराठी माणसासाठीची मराठी अक्षरं पडद्यावरून गेली.

खर्चाचं कारण मला पटत नाही. चित्रपटाची फाईल गिगाबाइटमध्ये मोजतात, एका भागाच्या मराठी अक्षरांची फाईल काही किलोबाइटची असते. एका भागाच्या चित्रीकरणावर होणाऱ्या खर्चापुढे माझ्यासारखीची मजुरी कुणाच्या डोळ्यांतही भरणार नाही. नियमही अगदीच नाही असं नाही. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ओटीटी सेवांनी अपंग प्रेक्षकांसाठी शक्य तितकी सोय करावी असं म्हटलं आहे. प्रत्येक सेवेला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि तक्रारीवर 15 दिवसांत निर्णय द्यावा लागतो. त्या अधिकाऱ्याचा पत्ता ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर असतो. पत्र मराठीतच लिहा. मालिकेचं नाव, भागाचा क्रमांक आणि कितव्या मिनिटाला काय कळलं नाही, एवढं त्यात असू द्या. घरात ज्याला ऐकू येत नाही त्याच्या नावाने लिहिलंत तर आणखी चांगलं. आईंनी त्यांचं पत्र स्वतःच्या हाताने लिहिलं आहे, मी त्याचा फोटो काढून मेलला जोडला.