विश्लेषण : कानाखालची गाठ पुन्हा पुन्हा का पिकते?

लहान मुलाच्या कानाखाली गाठ येते, पिकते. चीर देऊन पू काढला की बरे वाटते. पण काही महिन्यांनी त्याच जागी गाठ पुन्हा वर येते. असे वारंवार होत असेल, तर ते साधे गळू नसून जन्मजात दोष असू शकतो.

हा दोष कसा निर्माण होतो?
गर्भ चार-पाच आठवड्यांचा असताना त्याच्या मानेच्या भागात कमानीसारखे उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खाचा असतात. पहिल्या खाचेपासून कानाची बाहेरची नळी बनते, बाकीच्या बुजतात. हे काम अर्धवट राहिले, तर पिशवी किंवा बारीक नळी मागे उरते. दुसऱ्या खाचेचे दोष सर्वाधिक आढळतात; त्यांची गाठ मानेच्या बाजूला असते. पहिल्या खाचेचे दोष दुर्मीळ असून ते कान आणि जबड्याचा कोन यांच्या दरम्यान दिसतात.

चेहऱ्याच्या नसेचा संबंध काय?
चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस कानाच्या पाळीमागे कवटीतून बाहेर पडते आणि गालगुंडात सुजते त्या लाळग्रंथीत शिरून पाच मुख्य शाखांत विभागते. डोळा मिटणे, हसणे ही कामे तिच्यामुळे होतात. पहिल्या खाचेची नळी या नसेच्या वरून, खालून किंवा शाखांमधूनही जाऊ शकते. लहान मुलांत कानामागचे हाड पुरेसे वाढलेले नसल्याने ही नस त्वचेच्या अधिक जवळ असते.

वारंवार चीर दिल्याने काय बिघडते?
पू निघतो, पण मूळ पिशवी आतच राहते. प्रत्येक संसर्ग आणि प्रत्येक चीर यांमुळे आतील भाग एकमेकांना चिकटतात. पुढच्या शस्त्रक्रियेत नस ओळखणे अवघड होते आणि तिला इजा होण्याचा धोका वाढतो.

शस्त्रक्रिया कशी करतात?
आधी औषधांनी संसर्ग शमवला जातो. सोनोग्राफी, एमआरआयने पिशवीचा विस्तार पाहिला जातो. शस्त्रक्रियेत आधी नस शोधून सुरक्षित केली जाते, मगच पिशवी नळीसह पूर्ण काढतात. नसेला धक्का लागताच इशारा देणारे मॉनिटरही वापरतात. थोडा भाग राहिला तरी गाठ परतू शकते.

पालकांनी काय लक्षात ठेवावे?
एकाच जागी पुन्हा येणारी गाठ, जबड्याखाली पाझरणारे छिद्र किंवा पडदा शाबूत असूनही कानातून येणारा पू ही लक्षणे महत्त्वाची आहेत. अशा वेळी दुसऱ्यांदा चीर देण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.