हसू व्हावे, हसे नको

नवरात्र तोंडावर आले, की ज्या मराठी घरात म्हैसूरकडची सून आली आहे तिथे दोन गडबडी एकदम सुरू होतात. एकीकडे घटाची माती, पेरायचे धान्य आणि रोजच्या माळेची चिंता. दुसरीकडे माळ्यावरची ट्रंक खाली काढून गोंब्यांवरची धूळ झटकणे. आपल्या वाचकांपैकी बऱ्याच घरांत ही मांडणी होत असेल. विषम संख्येच्या पायऱ्या, मानाच्या जागी पट्टद गोंबे म्हणजे राजा-राणीची लाकडी जोडी, मग देवदेवता आणि अगदी खालच्या पायरीवर तुमच्या-आमच्यासारखी माणसे.

या खालच्या पायरीवर शेट्टी आणि शेट्टम्मा दुकान मांडून बसलेले असतात. शेट्टीचे पोट सुटलेले, समोर वाट्यांमधून तांदूळ, डाळ, गूळ. पाहायला आलेली मुले देवांना नमस्कार करतात आणि शेट्टीला पाहून हसतात. पण त्या पोटाची चेष्टा कोणी करत नाही. कोठार भरलेले आहे, घरात काही कमी नाही, असा तो शकुन असतो.

हसवणारी बाहुली करायची म्हटली तर नेमके हसायचे कोणाला, हा प्रश्न गेल्या नवरात्रात आमच्या नात्यातल्या एका घरात ऐरणीवर आला. त्याचीच ही हकिगत.

जामबागेतले घर

माझी थोरली बहीण हैदराबादेत जामबागेला राहते. कोटी आणि मोअज्जमजाही मार्केटच्या मधला हा भाग. फुलबाजारासाठी सगळ्या शहराला ठाऊक असलेला आणि मराठी माणसाला विवेकवर्धिनीमुळे जवळचा. १९०७ साली सुरू झालेल्या या संस्थेने निजामाच्या राज्यात मराठी मुलांच्या शिक्षणाची सोय केली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद हे तेलुगू, मराठी आणि कन्नड अशा तीन भाषांचे राज्य होते. तेव्हा परभणीचा विद्यार्थी, रायचूरचा वकील आणि वरंगळचा व्यापारी या शहरात एकमेकांच्या शेजारी राहत. राज्याचे तीन तुकडे झाले, पण घरांचे झाले नाहीत. बहिणीचे सासरे मराठी, सासूबाई म्हैसूरच्या. त्यांना आम्ही सगळे अज्जीच म्हणतो. भाचा घरात मराठी, अज्जीशी कन्नड, गल्लीत दख्खनी आणि शाळेत तेलुगू व इंग्रजी बोलतो.

त्यांच्या इमारतीतल्या बायकांनी मुलांसाठी एक स्पर्धा ठेवली होती. विषय ‘हसवणारी बाहुली’. अटी तीनच. बाहुली पाच इंचांपेक्षा उंच नको, विकत आणलेली नको आणि रंगकाम मुलांनी स्वतःच्या हाताने करायचे. मुदत दहा दिवसांची.

असे शौक जगभर आहेत. इंग्लंडात विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ पासून शिशाचे पोकळ शिपाई काढले आणि ते घरोघर गेले. एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने १९१३ मध्ये अशा खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांवर पुस्तक लिहिले. तिथेच १९८७ पासून ‘गोल्डन डेमन’ नावाची स्पर्धा सुरू झाली. तिच्यात जेमतेम इंच-दीड इंचाच्या पुतळ्या मोठी माणसे महिनोन् महिने रंगवतात. आपल्याला त्याचे नवल वाटायला नको. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे, तोफा आणि डोक्यावर हंडा घेतलेली गवळण मांडणारी मुले बेळगावात आणि निपाणीत आजही आहेत.

पहिला बेत

भाच्याचा बेत ठरलेला होता. अज्जींच्या शेट्टीला एक जोडीदार करायचा आणि त्याला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचे तोंड द्यायचे. त्याने कागदावर काढलेले चित्र हुबेहूब होते. पोट, तोंडातले पान आणि एक मिटलेला डोळा. त्या दुकानदाराचा एक डोळा खरोखरच अधू आहे.

चित्र पाहून आम्ही हसलो, हे खरे. बहीण मात्र हसली नाही. ती म्हणाली, “२०२० च्या टाळेबंदीत बाबांचा पगार तीन महिने अडकला होता. तेव्हा याच माणसाने वही न उघडता आपल्याला धान्य दिले. दसऱ्याला तो गोंबे बघायला येतो. आला की त्याला हे दाखवशील?”

भाचा गप्प झाला. मग म्हणाला, “पण मग हसवणार कसे? स्पर्धा हसवायचीच आहे ना?”

मला त्याचा प्रश्न रास्त वाटला. नुसते ‘असे करू नये’ सांगून मुलाचे समाधान होत नाही, त्याला दुसरी वाट दाखवावी लागते. मला आर. के. लक्ष्मण आठवले. १९२१ साली म्हैसूरला जन्मलेले, मुंबईत हयात घालवलेले आणि २०१५ मध्ये पुण्यात वारलेले. आपल्या दोन्ही भाषांच्या मुलखांना त्यांच्यावर हक्क सांगता येईल. १९५१ पासून त्यांनी जो ‘कॉमन मॅन’ काढला तो चौकड्यांचा कोट, धोतर आणि चष्मा घालून नुसता उभा राही. तोंडातून शब्द नाही. मंत्री-पुढारी बोलत आणि हा पाहत राही. त्याला पाहून आपण हसतो, कारण तो आपण असतो. त्याच्या व्यंगाला कोणी हसत नाही, त्याच्यावर आलेल्या प्रसंगाला हसतो.

मी भाच्याला म्हटले, “दुकानदार तर आहेच. दुकानासमोर कोण उभा असतो ते बघ.”

अज्जी खुर्चीतून म्हणाल्या, “नम्म मेष्ट्रु!” म्हणजे आमचे मास्तर. आणि माझ्याकडे बोट दाखवले. ठरले. महिन्याच्या पंधरा तारखेनंतर उधार मागायला आलेला मास्तर! चष्मा, काखेत छत्री, एका हातात रिकामी पिशवी आणि दुसरा हात डोके खाजवतो आहे. शेट्टीच्या मागे पाटी लावायची. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी आपण सगळ्यांनी वाचली आहे. कन्नडमध्ये तीच ‘इंदु नगदु, नाळे उद्री’ आणि तेलुगूत ‘नेडु नगदु, रेपु अरुवु’. दुकानदाराची पाटी भाषा बदलते, मतलब बदलत नाही! भाच्याने तिन्ही ओळी लिहायचे ठरवले.

पाच इंचांचा माणूस

बाहुली कशाची करायची? कोप्पळजवळच्या किन्नाळचे चित्रगार हलक्या लाकडाचे तुकडे जोडतात आणि चिंध्या, लाकडाचा भुसा व चिंचोक्याची खळ यांच्या लगद्याने आकार भरतात. विजयवाड्याजवळच्या कोंडपल्लीतही मऊ पोनिकी लाकडाला चिंचोक्याचे पीठ आणि भुसा यांचाच आधार असतो. मधे शेकडो मैलांचे अंतर आणि दोन वेगळ्या भाषा, पण डिंक एकच. आम्ही तोच धडा गिरवला. वर्तमानपत्राचे तुकडे रात्रभर भिजवले, घोटून पिळले आणि चिंचोक्याच्या खळीत मळले. आतून बांबूची काडी आणि हातांना तार. जुने लोक कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. मुलांच्या हातांत जाणार असेल तर तो घालू नये, तो विषारी असतो.

लगदा सावलीत चार दिवस वाळू द्यावा. उन्हात ठेवला की वरचा थर आधी सुकतो आणि भेगा पडतात. वाळल्यावर बारीक पॉलिशपेपर मारून सगळीकडे पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्यायचा. हा पांढरा अस्तर नसेल तर वरचे रंग मळकट दिसतात.

प्रमाणाबद्दल एक गंमत. खरा माणूस आपल्या डोक्याच्या सात-साडेसातपट उंच असतो. बाहुली चारपट ठेवली की ती आपोआप गमतीदार दिसू लागते. मोठे डोके, आखूड पाय. व्यंग दाखवायची गरजच उरत नाही.

रंग देताना घाई करू नये. पातळ रंगाचे दोन-तीन हात द्यावेत, एकदम जाड थर देऊ नये, नाहीतर चुण्या बुजतात. सदरा झाला की तपकिरी रंग खूप पाणी घालून वरून सोडायचा आणि लगेच फडक्याने टिपायचा. रंग चुण्यांत उतरून बसतो आणि पाच इंचांच्या सदऱ्याला इस्त्री नसल्याचे कळते! मग ब्रश जवळजवळ कोरडा करून फिकट रंग उंचवट्यांवर हलकेच फिरवायचा. खांदा, कोपर आणि पिशवीचा काठ उजळून निघतात.

डोळ्यांची आखणी

गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी आणि सर्वांत तरबेज हाताने होते. पेणला तसे आणि हैदराबादच्या धूलपेठेतही तसेच. आमच्या मास्तरचा चेहरा बोराएवढा होता. शून्य नंबरचा ब्रश, कोपर टेबलावर टेकवलेले आणि मनगटाखाली दुसऱ्या हाताचा आधार.

याच टप्प्यावर भाच्याला शिकायला मिळाले. आधी कागदावर दहा-बारा तोंडे काढून पाहिली. बुबुळ मधोमध आणि चारी बाजूंनी पांढरे सोडले तर माणूस घाबरलेला दिसतो. वरच्या पापणीला चिकटवले तर शांत दिसतो. कोपऱ्यात सरकवले तर लबाड. आमच्या मास्तरला लबाड करायचे नव्हते. शेवटी बुबुळे किंचित वर, शेट्टीकडे पाहणारी, आणि एक भुवई दुसरीपेक्षा जराशी उंच. त्या एका केसाएवढ्या रेषेने काम केले. मागायला आलेला, लाजलेला आणि तरी मिळेल अशी आशा असलेला माणूस उभा राहिला. अज्जींनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाल्या, “पापा!” बिचारा! हसता हसता त्यांच्या तोंडून आलेला तो शब्द मला बक्षिसापेक्षा मोलाचा वाटला.

बक्षीस दुसऱ्याच बाहुलीला मिळाले. तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीने स्कूटरवाला केला होता. त्याचे हेल्मेट हँडलला अडकवलेले आणि डोक्यावर मात्र ऊन लागू नये म्हणून रुमाल! हैदराबादच काय, बेळगाव-विजापूरचा वाचकही त्यात स्वतःला ओळखेल. त्या बाहुलीतही कोणाच्या रंगाला, जातीला किंवा अंगाला हात लावलेला नव्हता. आपल्या सवयीला लावला होता.

दसऱ्याच्या संध्याकाळी कोपऱ्यावरचा दुकानदार सोने द्यायला आला. खालच्या पायरीपाशी वाकला, पाटी वाचली, मास्तर पाहिला आणि खो खो हसत म्हणाला, “अरे, ये तो हर महिने आते!” मग भाच्याच्या पाठीवर थाप मारून आणखी म्हणाला, “मेरे दुकान में रखने को देते क्या?” भाच्याने आईकडे पाहिले. आई या खेपेला हसत होती. आज मास्तर जामबागेतल्या त्या दुकानात गल्ल्याजवळ उभा आहे, आणि माझी बहीण म्हणते की उधार मागणारे आता आधी त्याच्याकडे बघून हसतात, मग मागतात.

मराठीत हसू आणि हसे यांत एका मात्रेचा फरक आहे. हसू फुटते, हसे होते. मुलांना हा फरक व्याकरणाच्या तासाला सांगून कळत नाही, हातात ब्रश असताना कळतो. कारण कोणाला हसायचे याचा निर्णय भुवईची रेषा ओढताना घ्यावा लागतो. एखाद्याचा अधू डोळा रंगवणे सोपे असते, त्याला पाच मिनिटे पुरतात. त्याची लाज, आशा किंवा विसराळूपणा रंगवायचा तर त्याच्याकडे नीट पाहावे लागते. आणि नीट पाहिलेल्या माणसाचे हसे करणे जड जाते.

येत्या नवरात्रात किंवा दिवाळीच्या किल्ल्यावर आपल्या घरीही एक जागा मोकळी ठेवा. रद्दी, चिंचोके आणि एक बारीक ब्रश एवढे पुरे. मुलांना एकच अट घाला, ज्याची बाहुली केली त्यालाच ती आधी दाखवायची. तो हसला, तर बाहुली जमली.