वार काय सांगते?

‘पार्वो’ म्हटलं की आपल्याला कुत्र्याचं पिल्लू आठवतं. उलट्या, जुलाब, मग लस टोचून घ्यायची धावपळ. माणसाचा पार्वो वेगळा. तो कुत्र्याकडून आपल्याला होत नाही. १९७५ साली लंडनमध्ये यव्हॉन कॉसार्ट आणि त्यांचे सहकारी काविळीच्या तपासणीचे नमुने बघत होते. त्यातल्या ‘बी’ गटातल्या एकोणिसाव्या नमुन्यात हा विषाणू सापडला, म्हणून त्याचं नाव पडलं पार्वो बी-१९.

लहान मुलांना तो होतो तेव्हा कुणी मनावरही घेत नाही. जरासा ताप, चापट मारल्यासारखे लाल गाल. आपल्या सावळ्या पोरांच्या गालांवर ती लालीही नीट दिसत नाही. आठवड्यात मूल अंगणात पळतं. खोकल्या-शिंकण्यातून तो घरातल्या गरोदर बाईपर्यंत पोचला, तर मात्र गोष्ट वेगळी.

शिरपूरजवळच्या एका खेड्यातल्या सुनेचं पाचव्या महिन्यात मूल पोटातच गेलं. बाळाच्या अंगात पाणी भरलं होतं. घरात लगेच शोध सुरू झाला. कुणी म्हणे पपई खाल्ली, कुणी म्हणे ग्रहणात विळी हातात धरली. तिला माहेरी धाडायची भाषा निघाली. मला एकटीला गाठून ती म्हणाली, “मन्हं काय चुकनं, ताई?”

डॉक्टरांनी मात्र वार पुरायला दिली नाही, तपासणीला पाठवली. घरचे नाराज झाले. आपल्याकडे वार पुरायची रीत, ती बाटलीत भरून नेणार म्हटल्यावर कुणालाही कसंतरीच होणार. मी त्यांच्या बाजूनेही विचार करू शकते. पण त्या वारेनेच पुढे तोंड उघडलं.

तपासणी कशी होते हे मी पॅथॉलॉजिस्टबाईंकडून समजून घेतलं. वारेचे तुकडे फॉर्मालिनमध्ये घट्ट होऊ देतात, मेणात बसवतात आणि त्याचे केसापेक्षा कितीतरी पातळ काप काढतात. मग ते काप दोन रंगांत रंगवायचे. त्यातला निळा-जांभळा रंग एका झाडाच्या गाभ्यातून मिळतो, हे ऐकून मला गंमत वाटली. विषाणू काही साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. एका मिलिमीटरच्या रेघेवर ४० हजार तरी मावतील इतका तो बारका! दिसते ती त्याने केलेली खूण.

आपल्या रक्तातल्या तयार लाल पेशींना केंद्रक नसतं. कच्च्या पेशींना असतं, आणि पार्वो नेमका तिथेच घर करतो. अशा पेशीचं केंद्रक फुगतं, मध्ये गुलाबी, काचेसारखं दिसतं आणि गडद भाग कडेला सरकतो. पेटलेल्या कंदिलासारखं, म्हणून तिला ‘लँटर्न सेल’ म्हणतात. वारेतल्या बाळाच्या रक्तवाहिन्यांमध्ये अशा पेशी दिसल्या की जाणकाराला संशय येतो. खात्रीसाठी विषाणूची प्रथिनं दाखवणारा खास रंग किंवा पीसीआर चाचणी करतात. कच्च्या पेशीच मेल्या की बाळाला रक्त कमी पडतं, हृदय थकतं आणि अंगात पाणी साठतं.

रिपोर्टात हेच होतं. सासूबाईंनी मला तो दोनदा वाचायला लावला. “मंग पपईनं नाही?” “नाही.” बराच वेळ त्या गप्प बसल्या. हा संसर्ग एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माहेरी धाडायची भाषा थांबली.

गरोदर मैत्रिणींनी घाबरून जाऊ नये. कितीतरी जणींना हा आजार लहानपणीच होऊन गेलेला असतो. गरोदरपणात झाला तरी बहुतेक बाळं सुखरूप जन्मतात. धोका जास्त तो पहिल्या २० आठवड्यांत. लस नाही. पण घरातलं किंवा अंगणवाडीतलं मूल लाल गालांनी आलं, तर डॉक्टरांना सांगावं. सोनोग्राफीत बाळाचा रक्तक्षय कळतो, आणि मोठ्या केंद्रांत गर्भातच बाळाला रक्त देता येतं.

आपल्या तालुक्याला आणखी एक कारण आहे. वरच्या सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल वस्त्यांत सिकलसेल आहे. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेलची जेमतेम १० ते २० दिवस. पार्वो आठवडाभर नवी पेशी बनू देत नाही, तेव्हा अशा मुलाचं हिमोग्लोबिन धाडकन खाली येतं. हा संबंध १९८१ मध्ये लंडनमधल्या सिकलसेलच्या मुलांमध्ये उलगडला. इथे वारेची गरजच नाही. रक्ताच्या स्लाइडवर कोवळ्या लाल पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, जवळजवळ दिसेनाशा होतात. ही तपासणी अवघड नाही, मागायला मात्र हवी. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानातून कार्ड मिळालेल्या मुलांच्या आया मला भेटतात, तेव्हा मी एवढंच सांगते: पोरगं एकदम पांढरंफटक पडलं, धापा टाकू लागलं, तर सकाळची वाट बघू नका. कार्ड घ्या आणि रातोरात दवाखाना गाठा.

आणि वार किंवा पडलेला गर्भ तपासायचा असेल, तर साध्या पाण्यात ठेवू नका. रुंद तोंडाची बरणी आणि १० टक्के फॉर्मालिन दवाखान्यातूनच मागून घ्या.