पडदा बसला, दाबाचे काय?

डोळ्याचा पडदा सुटला, शस्त्रक्रियेने तो जागी बसविला आणि माणसाला पुन्हा दिसू लागले, म्हणजे संकट टळले असे घरची मंडळी समजतात. ही समजूत अर्धीच खरी आहे. उरलेल्या अर्ध्याविषयी येथे चार शब्द सांगावयाचे आहेत. आम्ही डॉक्टर नव्हे. विडी आणि राइस मिलच्या कामगारांत संघटनेचे काम करताना त्यांच्याबरोबर इस्पितळाच्या बाकावर बसणे ओघानेच आले. तेथे विचारून आणि पुढे वाचून जे समजले, ते सानगडीच्या श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत.

पडदा म्हणजे डोळ्याच्या आतल्या, मागच्या भिंतीला लागलेले पातळ अस्तर. आपण जे पाहतो त्याचे चित्र ह्यावर उमटते. त्याला भोक पडले की आतले पाणी त्याच्या मागे शिरते, आणि ओल लागलेल्या भिंतीचा गिलावा सुटावा तसा तो सुटतो. डोळ्यापुढे चमका येतात, काळे ठिपके तरंगतात, एका बाजूने सावली सरकत येते. दुखत मात्र नाही. जाड उणे नंबराचा चष्मा असणारे, डोळ्याला मार लागलेले आणि मोतीबिंदू काढलेले, ह्यांना हा धोका अधिक असतो. स्वित्झर्लंडातील लोझान येथील डॉ. ज्यूल गोनँ यांनी भोक बुजविल्यावाचून पडदा बसत नाही, हे सिद्ध करून दाखविले. १९२९ च्या आम्स्टरडॅम परिषदेनंतर जगाने ते मान्य केले. पुढे डोळ्याला बाहेरून पट्टा बांधणे, आत वायू किंवा सिलिकॉनचे तेल भरणे, आणि १९७० पासून डोळ्यातील चिकट द्रव यंत्राने काढून आतून काम करणे, असे उपाय निघाले. ह्याच उपायांच्या पाठीमागून कधीकधी दाबाचे दुखणे येते.

हा दाब कसला? आपला जिल्हा तलावांचा. तेव्हा तलावाचाच दाखला घेऊ. तलावात पाणी येते, भरल्यावर सांडव्यावरून जाते, म्हणून पाळ टिकते. सांडवा बुजला तर भार पाळीवर येतो. डोळ्याच्या पुढल्या भागातही एक स्वच्छ पाणी सारखे तयार होते आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून वाहून जाते. ह्या येण्याजाण्याच्या मेळाने डोळ्यातील दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याइतका राहतो. वाट अडली की दाब चढतो आणि पडद्यावरचे चित्र मेंदूकडे नेणारी नस चेपून वाळू लागते. पडदा पुन्हा बसविता येतो; वाळलेली नस पुन्हा हिरवी होत नाही. हाच काचबिंदू.

शस्त्रक्रियेनंतर ही वाट अडण्याची मुख्य कारणे चार. पहिले, वायू. काही वायू डोळ्यात गेल्यावर फुगतात. म्हणून डॉक्टर त्यात मोजून हवा मिसळतात. तरीही पहिल्या काही दिवसांत दाब चढू शकतो. वायू आत असताना उंचावर गेल्यास तो आणखी पसरतो. विमानप्रवास वर्ज्य, आणि चिखलदऱ्याची सहलही पुढे ढकलावी. दुसऱ्या कोणत्या कारणाने भूल घेण्याची वेळ आली, तर डोळ्यात वायू आहे हे तेथील डॉक्टरांना आधी सांगावे.

दुसरे, बाहेरून बांधलेला पट्टा. त्याने आतला रक्ताचा परतीचा मार्ग आवळला गेला तर सूज येते, बुबुळाची कड पुढे ढकलली जाते आणि जाळी झाकली जाते.

तिसरे, तेल. ते पाण्यावर तरंगते. रोगी उताणा निजला तर ते पुढे येऊन वाट अडवू शकते. पालथे निजण्यास सांगतात त्याचे हे एक कारण. महिन्यांमागून महिने तेल तसेच राहिले तर त्याचे बारीक थेंब होऊन जाळीत अडकतात. म्हणून पडदा पक्का बसल्यावर, पुष्कळदा तीन ते सहा महिन्यांनी, तेल काढतात. तेल काढण्याची तारीख ही दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख आहे. दिसते आहे म्हणून ती चुकवू नये.

चौथे, औषध. सूज उतरण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी काही माणसांचा दाब काही आठवड्यांत चढतो. ते थेंब आपल्या मनाने बंदही करू नयेत आणि जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा पुन्हा घेऊही नयेत.

एकदम चढलेला दाब डोके दुखवितो, मळमळ आणतो, दिव्याभोवती रंगीत कडी दाखवितो. असे झाले तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी निघावे. हळूहळू चढणारा दाब मात्र काहीच बोलत नाही, आणि खरी भीती त्याचीच. आमच्या ओळखीच्या एका हमालाच्या डोळ्यात तेल भरले होते. पहिल्या दोन तारखांना तो गेला. पुढे हंगाम लागला. खाडा केलास तर जागा दुसऱ्याला देतो, असे मुकादमाने बजावले. डोळा दुखत नव्हता, म्हणून तोही राहिला. कडेकडेने दिसेनासे झाले तेव्हा गेला. पडदा जागच्या जागी होता. नस गेली होती.

वेळीच कळले तर उपाय आहेत. थेंब व गोळ्या आहेत, थोडा वायू काढता येतो, लेसरने पाण्याला वाट करता येते, तेल काढता येते. इतके करून भागले नाही तर पाण्याला नवी वाट करण्याची शस्त्रक्रिया आहे. दाबाच्या काही थेंबांनी दमेकऱ्याचा दमा उसळतो; विडीच्या कामातील मंडळींनी दमा असल्यास तो अवश्य सांगावा. दाब फार उतरला तरी तेही चिन्ह चांगले नव्हे, पडदा पुन्हा सुटला असण्याचा संभव असतो. हे सारे यंत्राने मोजल्यावाचून कळत नाही. प्रत्येक भेटीत दाब किती, हे विचारून कागदावर लिहून घ्यावे.

आता प्रश्न उरतो तो पैशाचा आणि खाड्याचा. सानगडीहून साकोली, भंडारा करीत नागपूर गाठावयाचे, म्हणजे रोजंदारीवाल्याचा दिवस गेला, बरोबर येणाऱ्याचाही गेला. ज्यांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू आहे, त्यांना वर्गणीच्या अटी पुऱ्या असल्यास आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. तो मागून घ्यावा. घरी विड्या वळणारी बाई आणि राइस मिलमधला हमाल पुष्कळदा ह्या यादीत नसतात. तेथे आपणच उभे राहिले पाहिजे. शस्त्रक्रियेसाठी गावात वर्गणी जमते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. त्या वर्गणीत पुढल्या चार फेऱ्यांचे भाडे आधीच बाजूला काढून ठेवावे, आणि तारखेच्या दिवशीचा खाडा माफ करावा, असे मालकाकडे शस्त्रक्रियेपूर्वीच ठरवून घ्यावे. हे दोन्ही झाले, तर पडद्यावर केलेला खर्च वाया जाणार नाही.