कोरड्या मुलखातील पाण्याची उडी

नगर जिल्ह्यातील कर्जत, जामखेड, पाथर्डी, पारनेर हे तालुके आणि सातारा जिल्ह्यातील माण-खटाव यांच्यात अंतर बरेच असले, तरी नाते जवळचे आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत सापडलेला हा एकच कोरडा पट्टा. टँकर, चारा छावणी आणि रोजगार हमी या शब्दांवाचून त्याचा इतिहास लिहिता यावयाचा नाही. माण तालुक्यातील मोही या गावी, शेतकरी कुटुंबात 1989 साली जन्मलेल्या ललिता बाबर यांनी देशात नाव मिळविले ते मात्र अशा शर्यतीत, जिच्यात धावपटूला सात वेळा पाण्यावरून उडी घ्यावी लागते. दैवाचा हा विनोद थोडा क्रूरच म्हटला पाहिजे.

3000 मीटर स्टीपलचेस ही साधी धाव नव्हे. वाटेत 28 अडथळे असतात, आणि त्यांखेरीज सात वेळा पाण्याचा खड्डा. स्त्रियांसाठी अडथळ्याची उंची 76.2 सेंटिमीटर. हा अडथळा आपटला तरी पडत नाही. पडते ती धावणारी. पुरुषांना ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये 1920 पासून खुली होती. स्त्रियांना ती मिळाली 2008 साली! 1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये स्त्रिया 800 मीटर धावल्या, तेव्हा हे अंतर त्यांना झेपणारे नाही असा निवाडा शहाण्यासुरत्या पुरुषांनी दिला आणि 1960 पर्यंत ती शर्यत बंद ठेवली. स्त्रियांची मॅरेथॉन यावयास 1984 साल उजाडले.

ललिता बाबर प्रथम गाजल्या त्या मॅरेथॉनमध्ये. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत त्यांनी एकाहून अधिक वेळा पहिला क्रमांक पटकावला. 2015 साली 2 तास 38 मिनिटे 21 सेकंद अशी वेळ दिली. परंतु त्यांची खरी शर्यत त्यांना सापडली ती 2014 साली, पंचविशीच्या उंबरठ्यावर. आणि सापडताच काय घडले? त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई क्रीडास्पर्धेत 9 मिनिटे 35.37 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम आणि कांस्यपदक. 2015 साली वुहान येथे आशियाई सुवर्ण, बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरी व आठवा क्रमांक. 2016 च्या ऑगस्टमध्ये रिओ ऑलिम्पिकच्या प्राथमिक फेरीत 9 मिनिटे 19.76 सेकंद! दोन वर्षांत पंधरा सेकंदांहून अधिक सुधारणा झाली. लॉस एंजेलिसला 1984 साली पी. टी. उषा यांचे पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले होते. त्यानंतर 32 वर्षांनी ऑलिम्पिकच्या धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत प्राथमिक फेरी ओलांडून भारतीय स्त्री अंतिम फेरीत उभी राहिली. 15 ऑगस्ट रोजी झालेल्या त्या फेरीत त्या दहाव्या आल्या. पदकतालिकेपलीकडे न पाहणाऱ्यांना दहावा क्रमांक क्षुल्लक वाटेल. त्यांनी हे 32 वर्षांचे अंतर मोजून पाहावे.

येथे एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. मॅरेथॉनची तयारी रस्त्यावर करता येते; रस्ता कोणाच्या मालकीचा नसतो. पाण्याची उडी असलेली धावपट्टी मात्र गावच्या माळावर नसते, आणि जाणता प्रशिक्षक तर त्याहून दुर्मिळ. रेल्वेची नोकरी आणि बंगळूरचे प्रशिक्षण शिबिर यांनी ती उणीव भरून काढली खरी, पण केव्हा? पंधराव्या वर्षी जे हाती यावयास हवे होते, ते पंचविसाव्या वर्षी आले. त्या दहा वर्षांचा हिशेब कोणत्याही विक्रमपुस्तकात मांडलेला नाही.

नगरच्या सीमेला लागूनच असलेल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे हेही स्टीपलचेसचेच. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, 2023 साली हांगझोऊला आशियाई सुवर्ण. त्यांना सैन्याने हेरले. दुष्काळी गावातील मुलासाठी सैन्यभरतीची वाट तरी मळलेली आहे. पहाटे डांबरी सडकेवर पळणारी मुले कर्जत-जामखेडकडे कोणालाही दिसतील. मुलगी पळू लागली की मात्र लग्नाचे वय, घरची कामे आणि ‘पुढे काय?’ हा प्रश्न तिच्याबरोबर पळू लागतो. शाळेतील क्रीडाशिक्षकाचा शब्द घरात चालला, तरच ती मैदानावर टिकते. आणि पुष्कळ शाळांत त्या शिक्षकाच्या वाट्याला मैदानही धड येत नाही.

रिओनंतर ललिता बाबर यांना त्या तोडीची धाव पुन्हा करता आली नाही. अर्जुन पुरस्काराची मानकरी ठरलेली ही धावपटू पुढे राज्याच्या महसूल सेवेत दाखल झाली. त्यांचा विक्रम सात वर्षे टिकला. 2023 च्या ऑगस्टमध्ये बुडापेस्टला उत्तर प्रदेशच्या पारुल चौधरी यांनी 9 मिनिटे 15.31 सेकंदांत तो मोडला.