मजुराला ‘नको’ म्हणता येईल काय?

दिवाळी आटोपली की अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या तालुक्यांतील कित्येक वाड्या-तांडे ओस पडू लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणतात. उचल बहुधा आधीच घेतलेली असते. म्हणजे उसाला कोयता लागण्यापूर्वीच डोक्यावर कर्ज चढलेले असते. त्याच वेळी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या भट्ट्यांवर बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशाकडील कामगार राबत असतात. आपला मजूर बाहेर आणि बाहेरचा मजूर आपल्याकडे, असे का व्हावे?

मागास भागातील मजुराला संधी मिळावी म्हणून शासनाने दोन मार्ग चोखाळले. पहिला मार्ग, काम मजुराच्या दारी नेण्याचा. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात असे. सुकडी आणि मिलो ज्वारीच्या आठवणी ती अजून सांगते. पण दुष्काळी काम ही सरकारची मेहेरबानी होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना वेगळी होती. तिने काम हा हक्क मानला. १९७७ साली झालेला कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचा, स्त्री-पुरुषांना एकच दर लावायचा, असे त्याचे स्वरूप होते. पैशासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसवला गेला व तेवढीच भर शासनाने घालायची ठरले. मुंबईतल्या पगारदाराच्या खिशातून अंबडच्या मजुराची मजुरी निघाली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी देशभर दिली.

मग टोळ्या का थांबल्या नाहीत? एक कारण असे की, हमीच्या कामाची मजुरी मोजमाप झाल्यावर, तीही थोडी थोडी हाती येते. मुकादम मात्र रक्कम एकदम मोजतो. मुलीचे लग्न, दवाखाना, घराचे पत्रे यांना रोजाची मजुरी पुरत नाही. दुसरे कारण, कामाची मागणी लेखी करून तारखेची पोच घ्यावी लागते. ती पोच नसेल तर भत्त्याचा हक्क कागदावरच राहतो.

दुसरा मार्ग, कारखाना मागास भागात आणण्याचा. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि १९६४ पासून मुंबई-पुण्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांना सवलती मिळू लागल्या. जालन्याचे लोखंड आणि बियाणे यांचे नाव आज देशभर आहे. परंतु सवलत प्रामुख्याने भांडवलाच्या गुंतवणुकीवर मोजली गेली. भट्टीचे काम धोक्याचे. त्यासाठी लांबचा, गावाकडे सहज परतू न शकणारा माणूस ठेकेदाराला सोयीचा पडतो, असे मला वाटते. उद्योग जिल्ह्यात आला म्हणून जिल्ह्यातल्या मजुराला संधी आपोआप मिळत नाही. आणि जो येतो त्यालाही आधार मिळतोच असे नाही. ८ मे २०२० रोजी टाळेबंदीत जालन्याहून रुळांच्या कडेने पायी निघालेले मध्य प्रदेशचे १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली सापडले. रात्री थकून ते रुळांवरच झोपले होते.

म्हणून तिसरा मार्ग आवश्यक ठरतो: हक्क मजुराबरोबर चालला पाहिजे. कोणत्याही राज्यात रेशन मिळण्याची सोय हे त्या दिशेचे एक पाऊल आहे. परंतु स्थलांतरितांसाठीचा १९७९ चा केंद्रीय कायदा ठेकेदाराने परराज्यात नेलेल्या मजुरांपुरताच होता. मंठ्याहून कोल्हापूरला जाणारा तोडकरी राज्याची सीमा ओलांडत नाही, म्हणून तो त्यात बसतच नव्हता. त्याच्या मुलांची शाळा मात्र महिनोन्‌महिने सुटते.

संधी म्हणजे केवळ काम मिळणे नव्हे. वाईट अटींच्या कामाला ‘नको’ म्हणता येणे, हीच खरी संधी. त्यासाठी गावात वेळेवर काम हवे, अडीनडीला उचलीऐवजी स्वस्त कर्ज हवे आणि जिथे जाईल तिथे हक्क हवेत. यांपैकी एकाने भागत नाही. आपण विद्यार्थ्यांनी निदान एक करावे. सुट्टीत गावी गेल्यावर कामाच्या मागणीचे अर्ज लिहून द्यावेत आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीच्या दारातून हलू नये.