फायबरचा भरवसा आणि गावाची बिनतारी जाळी

नाशिकात रस्ता खोदणाऱ्या यंत्राने केबल तोडली, की खासगी ब्रॉडबँडचा ग्राहक तक्रार क्रमांक घेऊन स्वस्थ बसतो. कारण खड्ड्याच्या काठी बसून काचेचे केसाएवढे तंतू सांधणारा कारागीर कधी यावा, हे ठरविण्याचा अखत्यार ग्राहकाकडे नसतो. उलट शेजारच्या पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आयआयटीने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पातून, दूरचित्रवाणीच्या पडून राहिलेल्या लहरींवरून खेड्यांत इंटरनेट नेण्याची जी तजवीज केली आणि जिला २०१७ साली मोझिलाचा पुरस्कार लाभला, तिच्यात पंचायत व स्थानिक उद्योजक यांनाच वाटेकरी करण्याची कल्पना होती, आणि मला तीच खरी मोलाची वाटते.

दूरचित्रवाणीच्या या लहरी दाट झाडीतूनही बऱ्यापैकी पार होतात. २०१८ पासून घराबाहेरही परवान्याविना वापरता येणारा ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा मात्र वेगवान असला, तरी त्याला मनोऱ्यापासून मनोऱ्यापर्यंत मोकळी दृष्टिरेषा लागते, आणि नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-हरसूलच्या डोंगरांत, त्यातही पावसाळ्यातल्या ओल्या पानांत, ती मिळणे दुरापास्त!

शिवाय गावाची बिनतारी जाळीही अखेर कुठल्यातरी फायबरलाच जोडलेली असते, तेव्हा शहरात मी निःसंकोच फायबर घेईन. पाड्यावर मात्र मनोऱ्याची बॅटरी बदलणारा माणूस गावातलाच हवा.